लांब बाही

मी एक जुनी कात्री आहे. कापडाची.

हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे, मित्रांनो. कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नसतो. कागदाने पात्याची धार मरते. ज्या घरात शिवणकाम चालतं तिथे जाऊन विचारा. कुणीतरी कात्री कागदाला लावली म्हणून नवरा-बायकोत अबोला झालेला सापडेल.

मी जन्मात एकदाच कागद कापला. वीतभरसुद्धा नसेल. तेवढ्याने माझ्या पात्याला एक खाच पडली, ती अजून आहे. ती कशी पडली हे सांगायला मी तोंड उघडलं आहे. आणि माझं तोंड उघडलं की काहीतरी कापलं जाणारच.

कच्.

आधी जन्म. आत्मवृत्तात तो सांगावा लागतो.

पोलाद तापवून, ठोकून, घासून माझी दोन पाती घडवली. दोन्ही निराळी पडून होती तोवर आम्हाला कुणी भीक घालत नव्हतं. एकटं पातं म्हणजे नुसती चकचकीत पट्टी. लोणीसुद्धा धड कापणार नाही. मग कारागिराने मधोमध स्क्रू बसवला, आणि ‘आम्ही’ची ‘मी’ झाले. पुढचं सगळं त्या स्क्रूमुळे घडलं. लक्षात ठेवा, पुन्हा विचारीन.

लोक एखाद्या बाईला टोमणा मारतात, ‘हिची जीभ बघा, कात्रीसारखी चालते.’ यात टोमणा कुठे आहे, ते मला आजवर कळलेलं नाही.

कच्.

मी एका शिंपीणबाईंच्या हाती आले. अख्खी गल्ली त्यांना मावशी म्हणायची, म्हणून मीही म्हणते. दुकान म्हणजे रस्त्यालगतची एक खोली. मधे लांब टेबल, खिडकीशी मशीन, कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा, त्यात पारा उडालेला आरसा. वर जायला लाकडी जिना आणि वर कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेली माळ्याची खोली. समोर लॉन्ड्री, तिच्या शेजारी औषधाचं दुकान, टोकाला बेकरी. बेकरीची भट्टी पेटली की आमच्या कापडांनाही भाजक्या पिठाचा वास लागायचा.

माझे ते सोन्याचे दिवस होते. मावशी मला मऊ फडक्यात ठेवायची, स्क्रूला तेलाचा थेंब द्यायची. कापड बेतायला घेतलं की माझी पाती टेबलावरून अशी सरसर जायची की गिऱ्हाईक बोलायचं थांबायचं. शिंपी लोक कापड ‘बेततात’. बाकीच्यांच्या जिवावर ‘बेततं’. शब्द एकच आहे. मला तेव्हा त्यातलं पहिलंच माहीत होतं.

मावशीचं नाव झालं ते तिच्या मायेमुळे. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. कपडा पुढे घट्ट झाला, आखूड झाला, तर उसवून तेवढा वाढवता येतो. चिंगूस शिंपी माया ठेवतच नाहीत. मावशी सढळ ठेवायची, त्यातही बाहीला सगळ्यात जास्त.

“हाताला माया आहे हो मावशींच्या,” बायका म्हणायच्या.

“हाताला नाही गं, बाहीला,” मावशी म्हणायची, आणि दुकान हसायचं.

कच्.

बाही लांब करून द्या.

थंडी बाधते, बाही लांब करून द्या.

ऊन लागतं, बाही लांब करून द्या.

वयाला शोभत नाही हो मावशी, बाही जरा

कच्.

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की माझ्या पात्यांना पाठ झालं. मावशी टेप घेऊन म्हणायची, “हात वर कर.” हात खांद्यापर्यंत यायचा आणि थांबायचा. बाई आरशात बघायची नाही. मावशी टेप हळूच सैल सोडायची.

“काय झालं गं?”

“जिन्यावरून पडले.”

आमच्या गल्लीत बहुतेक घरं एकमजली होती. पण पडण्यासाठी प्रत्येकीकडे एक जिना होता. काहींना दार लागायचं. एकीला कपाट लागलं होतं.  मावशी शिवण उसवायची, आतली माया काढायची, बाही मनगटापर्यंत आणायची आणि जाताना म्हणायची, “जप गं.” याहून जास्त बोलायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. घरातलं घरात, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं आणि आईला तिच्या आईने.

सगळ्यात जास्त वेळा आली ती बेकरीवाली. ती टोकाच्या बेकरीत पीठ मळायची, भट्टीतून तापलेले पत्रे ओढायची. हसरी होती. आत येतानाच आवाज द्यायची, “मावशी, मोडक्या बिस्किटांचा चुरा आणलाय, चहात टाका!” तिचा नवरा चावीवाला. गल्लीचा लाडका माणूस. म्हाताऱ्यांची कुलपं फुकट उघडून द्यायचा, पोरांना जुन्या किल्ल्यांचे जुडगे खेळायला द्यायचा. “माझ्यासमोर बंद राहील असं दार अजून बनायचंय,” असं तो गमतीने म्हणायचा, आणि लोक कौतुकाने मान हलवायचे.

बेकरीवालीचा निळ्या चौकड्यांचा एक झगा होता. त्याची बाही आधी कोपराशी होती. मग खाली आली. मग अजून खाली.

“भट्टीचा चटका,” ती म्हणायची. खरंही वाटायचं. भट्टीपाशी काम करणाऱ्या बाईला चटके बसणारच ना?

कच्.

मग एक दिवस रंगारीण आली.

ती दुकानांच्या पाट्या रंगवायची. गल्लीत नवी होती, एकटी राहायची. मावशीच्या पाटीवरची अक्षरं उडाली होती, ती रंगवून देते म्हणाली. “पैसे नकोत, त्याबदल्यात एवढं करून दे,” म्हणत तिने शर्टाचा हात पुढे केला. “बाही कापून टाक.”

मावशीने चष्म्यावरून पाहिलं. “लांब करू?”

“कापून टाक म्हणतेय. रंगात बुडते सारखी.”

त्या गल्लीत बाही आखूड करायला आलेली ती पहिली बाई. मी चालले. बाही गळून टेबलावर पडली. खाली दंडापासून कोपरापर्यंत एक जुना, उचललेला वण होता.

मावशीच्या तोंडून सवयीने निघालं, “जिन्यावरून पडलीस?”

“जिना नव्हता,” रंगारीण म्हणाली. साध्या आवाजात, जसं कुणी म्हणतं, साखर नको. “माणूस होता. सोडून आले त्याला.”

मावशी खाली बसली. 

रंगारिणीने ती कापलेली बाही उचलली, टेबलावर पसरली, आणि पाट्या रंगवायच्या तिच्या ठसठशीत, दुरून वाचता येणाऱ्या अक्षरांत लिहिलं:

जिना नव्हता.

“फेकू नकोस ही. खिडकीत टांग.”

“लोक काय म्हणतील?”

“वाचतील आधी. मग म्हणतील.”

कच्.

मित्रांनो, मी कापण्याचं यंत्र आहे, मला नाजूक बोलता येत नाही. म्हणून सरळ सांगते. त्या खिडकीखालून जाणाऱ्या काही बायका थांबल्या. मग काही आत आल्या. मावशी आता ‘जप गं’ म्हणत नव्हती. ती पडदा ओढून घ्यायची, स्टूल पुढे सरकवायची आणि विचारायची, “बाही लांब करू, की कापू? दोन्ही चालेल. पण काय झालं ते विचारल्याशिवाय टेप लावणार नाही.”

काहींनी लांबच करून घेतली. मावशीने मुकाट्याने करून दिली. कुणावर जबरदस्ती केली असती तर मग त्या पुरुषांत आणि आमच्यात काय फरक राहिला? पण जाताना त्यांना ठाऊक असायचं की वर माळ्यावर एक खाट मोकळी केलेली आहे.

काहींनी कापून घेतली. रंगारिणीने लिहिलं. त्यांची नावं नाहीत, नवऱ्यांची नाहीत, घरनंबर नाहीत. नुसतं:

दार नव्हतं.

कपाट नव्हतं.

पाय घसरला नव्हता.

एका बाहीवर: सासूबाई होत्या.

एक बाही पुरुषाच्या शर्टाची होती. तो पोरगेला माणूस पडद्यामागे जाऊन बसला आणि म्हणाला, “लिहा. मोठा भाऊ होता.”

खिडकी पुरेना. मग आमच्या पाटीच्या हुकापासून समोरच्या लॉन्ड्रीच्या खिडकीपर्यंत दोरी बांधली. चिमटे लॉन्ड्रीने दिले. वारा आला की बाह्या फुगायच्या आणि सगळ्या गल्लीवर हात हलायचे. रिकामे हात. खालून जाणारा माणूस वर बघितल्याशिवाय जाऊ शकत नसे.

“काय मावशी, हात वाळत घातलेत?” कुणी तरी ओरडलं.

“हो! पिळून काढलेत ना लोकांनी!” मावशीने मशीनवरूनच उत्तर दिलं. मी सांगते, त्या दिवशी मला तिच्या जिभेचा अभिमान वाटला. सख्खी बहीण भेटल्यासारखं झालं.

कच्.

बेकरीवाली दोरीखालून रोज जायची. मान खाली घालून.

एका दुपारी ती आली. चुरा आणला नव्हता. निळ्या चौकड्यांचा झगाच अंगात होता. तिने हात पुढे केला.

“मावशी, जरा बोटांपर्यंत येईल का?”

रंगारीण कोपऱ्यात डबे हलवत होती. ती जवळ आली, बाही न विचारता थोडी वर केली आणि परत खाली सोडली. “भट्टीला पाच बोटं असतात का गं?”

बेकरीवालीचे डोळे भरले, पण आवाज कोरडा. “माझी बाही वर लावू नका. तो कापड ओळखेल.”

“नाही लावत,” मावशी म्हणाली. “पण तू वर राहा. खाट आहे.”

“त्याला उघडत नाही असं एक दार दाखवा, मावशी. एक. मी आत्ता जाते त्याच्यामागे.”

 एकदा ती बहिणीच्या घरी राहायला गेली होती म्हणे. त्याने बाहेरून कुलूप उघडलं, आत येऊन हसत म्हणाला, “चल, चहा थंड होतोय.” बहिणीलाही हसू आलं. किती प्रेम करतो, म्हणाली.

मावशीने बाही उलटी केली. शिवणीत बोट घालून चाचपलं. मग मान हलवली.

“माया संपली, पोरी. आत काही उरलं नाही. जी होती ती सगळी वापरली आपण.”

बेकरीवाली डोळे पुसायला पडद्यामागे गेली. आणि त्याच वेळी दारातून आवाज आला:

“मावशी, आहात का? पाच मिनिटं हवीत.”

चावीवाला. मागे औषधवाले भाऊ, दारातच रेंगाळलेले.

कच्. श्वास घेते.

त्याने टेबलावर दोन कागद ठेवले, पिनेने एकत्र टाचलेले. चेहरा हसरा. “कसंय मावशी, तुम्ही आमच्या आईसारख्या. पण या चिंध्यांनी गल्लीची बदनामी होते. पाहुणे येतात, पोरं वाचतात. सगळ्यांचं म्हणणं आहे की काढाव्यात. हे बघा, सह्या. भाऊंची आहे. पहिल्या दोन आमच्या घरच्या, माझी आणि हिची. तुम्हीच सही केलीत तर वादच मिटला.”

पडदा सरकला.

“माझी सही?” बेकरीवाली म्हणाली.

तो क्षणभर गडबडला, मग हसला. “अरे, इथेच आहेस का! अगं, मीच केली तुझ्या नावाने. तुझं काय नि माझं काय.”

ती टेबलाशी आली. कागदावर वाकली. आपलं नाव तिने असं पाहिलं, जसं हरवलेलं पोर परक्या घरात जेवताना दिसावं. मग तिने मला उचललं.

“कागदाला नको गं!” मावशी ओरडली. इतक्या वर्षांची सवय. ओरडून तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला. मग हात काढला.

“काप,” मावशी म्हणाली.

तिला कात्री धरायची सवय नव्हती. पीठ मळणारे हात. तिने मला मुठीत आवळलं. नाव पिनेला लागूनच होतं. मी कागदात शिरले, तो खरखरीत, बेचव कागद, आणि मधेच पिनेवर आदळले. कट्‌. पातं दुखलं. ती थांबली नाही, मग मीही थांबले नाही. तिने स्वतःचं नाव चारही बाजूंनी कापून काढलं. ते नाव काय होतं, विचारू नका. मला सह्या वाचता येत नाहीत, आणि येत असत्या तरी ते तिचं आहे. ती सांगेल, तिला वाटेल तेव्हा.

कागदाला खिडकीसारखं भोक पडलं. नावाचा तुकडा तिने खिशात टाकला. मग तिने डाव्या हाताची बाही ओढून धरली, कोपराच्या वर मला लावलं, आणि

मी चालले.

बाही पडली. त्या बाहीवर जुन्या दुमडींच्या रेषा होत्या, एकीखाली एक, जेवढ्यांदा लांब केली तेवढ्या. दंडावर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं. औषधवाल्या भाऊंनी आधी जमिनीकडे पाहिलं, मग तेही बघावं लागलं.

“भट्टी नव्हती,” ती म्हणाली.

चावीवाल्याने बाकीच्यांकडे बघून खांदे उडवले. “डोकं फिरलंय. चल घरी, बोलू.”

“नाही.”

“मग जाशील कुठे?” तो अजून हसतच होता. “कुठल्या दारामागे जाशील ते तरी सांग. किल्ली आजच बनवून ठेवतो.”

हे वाक्य तो गल्लीत शंभरदा गमतीने बोलला असेल. त्या दिवशी कुणी हसलं नाही. दारात लॉन्ड्रीतल्या बाया गोळा झाल्या होत्या, हातात ओले कपडे तसेच. त्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले. मग भोक पडलेला कागद तिथेच टाकून तो वाट काढत निघून गेला. कागद औषधवाल्या भाऊंनी उचलून घेतला, आणि बेकरीवालीने आपली बाही स्वतः दोरीला लावली.

कच्.

त्या रात्री बेकरीवाली माळ्यावर झोपली, सोबतीला मावशी. दुसऱ्या सकाळी मावशी खाली उतरली तर दुकानाच्या जाळीच्या दाराचं कुलूप टेबलावर होतं. उघडलेलं. फुंकर मारून ठेवल्यासारखं स्वच्छ. बाकी काही हललेलं नव्हतं. मी होते तिथेच होते. एवढंच सांगायचं होतं त्याला: मी आत येऊ शकतो.

बेकरीवाली जिन्याच्या पायरीवर बसली. “बघा, मी म्हटलं नव्हतं?”

“वाऱ्याने उघडलं असेल,” शेजारून कुणी तरी म्हणालं. अशा वेळी वाऱ्याची बाजू घेणारं कुणी ना कुणी असतंच.

रंगारिणीने कुलूप उचललं. पांढऱ्या रंगाने त्यावर बारीक अक्षरं काढली आणि निळ्या चौकड्यांच्या बाहीशेजारी दोरीला लटकावलं.

वारा नव्हता.

मग मावशीने जे केलं, ते मी कधी विसरणार नाही. तिने दुसरं कुलूप आणलंच नाही. “कुलपाला किल्ली असते,” ती म्हणाली. “बसलेल्या बाईला कुठे असते?” त्या दिवसापासून आमचं दुकान कधी रिकामं राहिलं नाही. लॉन्ड्रीतली एक, पाट्यांवाली एक, बाही कापलेली एक, पाळीपाळीने. कुणी काज करतं, कुणी बटणं लावतं, कुणी नुसतंच बसतं. दार सताड उघडं. चावीवाला एकदा आला. उंबऱ्यापर्यंत आला. उघडायला काही नव्हतंच; त्याला काय करावं ते सुचेना. आतून मावशी म्हणाली, “काय शिवायचंय?” तो परत गेला.

गोष्ट इथे संपली असं मी खोटं सांगणार नाही. बेकरीवालीने केस केली आहे, कोर्टात तारखा चालू आहेत. ती एकटी जात नाही. काही लोक अजून दोरीखालून जायचं टाळतात, लांबून वळसा घेतात. वळसा घ्यायलासुद्धा कळावं लागतं की मधे काय आहे.

औषधवाले भाऊ मात्र एका संध्याकाळी तो भोकाचा कागद घेऊन आले. “मावशी, माझंही नाव कापायचंय. तिच्यासाठी मलम तो माझ्याकडूनच न्यायचा. मला कळत होतं. कोर्टात सांगेन तसं.” आणि त्यांनी माझ्याकडे हात केला.

मावशीने मला झटकन फडक्याखाली ढकललं.

“कागदाला माझी कात्री मिळणार नाही. फाडा हाताने.”

त्यांनी फाडलं. बेकरीवाली हसली. कितीतरी दिवसांनी.

कच्.

आता माझं म्हातारपण. पत्र्याच्या डब्यात सुयांशेजारी पडून असते. मावशीचे हात कापतात, म्हणून हल्ली मला बेकरीवालीच चालवते. टोकाच्या बेकरीची भट्टी तिने सोडली. हातावर जुन्या चटक्यांचे डाग आहेत, पण ते खरोखर भट्टीचे आहेत आणि ती दाखवतेही. तुम्ही मला विसरलात तरी चालेल, पण माझी काळजी कशी घ्यायची ते ऐका. स्क्रूला तेल द्या. मघाशी म्हटलं होतं विचारीन म्हणून: एकट्या पात्याने काय कापतं? काहीच नाही. तेव्हा तुमच्या ओळखीत कुणी एकटं पातं पडलेलं असेल, तर त्याला ‘जप हं’ म्हणून निघून येऊ नका. शेजारी बसा. कुणी म्हणालं, बाही लांब करून द्या, तर द्या. पण आधी विचारा. आणि उत्तर जिना आलं, तर जिना कुठे आहे ते बघून या.

मध्यंतरी धार लावणारा आला होता. त्याने मला उजेडात धरलं, पात्यावरून बोट फिरवलं. “पिनेवर घातलीय कुणी तरी. खाच पडलीय. घासून काढतो, नव्यासारखी होईल.”

“राहू दे ती,” बेकरीवाली म्हणाली.

म्हणून ती खाच आहे. मी कापलेल्या प्रत्येक कापडाच्या काठाला तिथे एक बारीक धागा सुटतो. या गल्लीत शिवलेला कपडा अंगावर असेल आणि बाहीच्या काठाशी तो धागा दिसला, तर ओढू नका, मित्रांनो, जाळू नका, आत दुमडू नका.

ती माझी सही आहे. माझ्या नावाने दुसऱ्या कुणी केलेली नाही.